यंत्र घरात, किल्ली परक्याच्या कमरेला

३० सप्टेंबर २०२५ रोजी ॲमेझॉन या बलाढ्य अमेरिकन कंपनीने न्यूयॉर्क येथे आपली नवी उपकरणे जाहीर केली. त्यांत दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे खोचावयाची बोटभर लांबीची एक काडी होती. 'फायर टीव्ही स्टिक फोर के सिलेक्ट' हे तिचे लांबलचक नाव आणि चाळीस डॉलरच्या आत तिची किंमत. पुढच्याच महिन्यात ती भारतीय बाजारातही दाखल झाली. या काडीत कंपनीने आजवर वापरलेली, अँड्रॉइडवर आधारलेली कार्यप्रणाली नाही. तिच्या जागी 'व्हेगा' नावाची, लिनक्सवर उभारलेली स्वतःची नवी प्रणाली बसविली आहे. वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान-पुरवण्यांत ही बातमी चित्राची स्पष्टता आणि यंत्राचा वेग यांच्या वर्णनासह छापून आली आणि तेथेच विरली. राजकीय पानावर तिला जागा मिळाली नाही. वस्तुतः ती तेथेच मिळावयास हवी होती. कारण या काडीसोबत कंपनीने जो एक लहानसा नियम घरात आणला आहे, त्याचा संबंध करमणुकीशी थोडा आणि मालकीच्या प्रश्नाशी अधिक आहे. नियम असा, की या यंत्रावर केवळ ॲमेझॉनच्या स्वतःच्या दुकानातील ॲपच उतरविता येतील. बाहेरून आणलेले ॲप चढविण्याची जी वाट जुन्या यंत्रांत होती, ती सामान्य ग्राहकापुरती बंद झाली आहे. कंपनीकडे नाव नोंदवून आपले ॲप तपासणारे व्यावसायिक तेवढे तिला अपवाद.

लिनक्सचे नाव ऐकताच पुरोगामी चळवळीतील अनेकांच्या मनात एक आदराची भावना जागी होते, आणि ती अनाठायी नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यामागची कल्पना साधी होती. संगणकाला चालविणारी आज्ञावली वापरणाऱ्याला वाचता आली पाहिजे, बदलता आली पाहिजे आणि शेजाऱ्याला देताही आली पाहिजे. या कल्पनेला १९८९ साली त्यांनी परवान्याचे कायदेशीर रूप दिले. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. त्याच वर्षी हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने संगणकाचा गाभा चालविणारी एक आज्ञावली रचली आणि १९९२ मध्ये ती या परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. हेच ते लिनक्स. परवान्यातील सौदा गायरानासारखा होता. कोणीही यावे, गुरे चारावीत, विकून पैसेही मिळवावेत. फक्त त्या जमिनीला कुंपण घालू नये. जो ही आज्ञावली पुढे वाटेल त्याने तिची मूळ संहिताही, म्हणजेच सोर्स कोडही, घेणाऱ्याला त्याच अटींवर दिली पाहिजे. जगभरच्या हजारो माणसांनी या गायरानावर श्रम केले. पुढे मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंतेही तेथे राबू लागले. आज या गाभ्यात होणाऱ्या कामाचा मोठा भाग त्यांचाच आहे, हेही मान्य केले पाहिजे. तरीसुद्धा भांडवलशाहीच्या ऐन भरात, सामुदायिक मालकीचे इतके मोठे आणि इतके यशस्वी उदाहरण दुसरे दाखविता येणार नाही.

मग लिनक्सवर गेलेले यंत्र अधिक मोकळे होण्याऐवजी अधिक जखडबंद कसे झाले?

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. ॲमेझॉनची जुनी प्रणाली ज्या अँड्रॉइडवर उभी होती, त्या अँड्रॉइडचाही गाभा लिनक्सच आहे. तेव्हा गाभा बदलला असे नाही. बदलले ते त्याच्यावरचे घर. सॅमसंगची 'टायझेन', एलजीची 'वेबओएस' आणि अमेरिकेतील रोकूची प्रणाली यांच्याही पोटात लिनक्सच आहे, आणि त्यांच्या दारावरही कुलूपच आहे. याउलट अँड्रॉइडच्या घराला एक मागचे दार होते. २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या फायर टीव्हीच्या यंत्रांत एक खूण बदलली की बाहेरचे ॲप चढविता येत असे. २०१५ साली ॲमेझॉनने 'कोडी' या मुक्त आज्ञावलीला आपल्या दुकानातून काढून टाकले. आपल्याजवळचे चित्रपट आणि गाणी पाहण्या-ऐकण्याची सोय करणारे हे साधन चोरीच्या चित्रफितींना वाव देते, असे कारण कंपनीने दिले. तरी लोक ते मागच्या दाराने आणीत राहिले. २०२३ पर्यंत अशी वीस कोटींहून अधिक यंत्रे विकली गेल्याचे कंपनीनेच जाहीर केले होते. व्हेगाने ते मागचे दार विटा रचून बुजविले. जुनी यंत्रे जुन्याच प्रणालीवर राहतील असे आश्वासन देण्यात आले आहे. परंतु २०२५ च्या अखेरीस चोरीच्या प्रक्षेपणासाठी वापरली जाणारी ॲप त्या यंत्रांवरही, ती बाहेरून चढविलेली असली तरी, अडविण्यास कंपनीने प्रारंभ केला. चोरीचे समर्थन करण्याचे कोणालाच कारण नाही. परंतु विकून झालेल्या यंत्रावर काय चालावे हे विकणारा दुरून ठरवू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

हे कुलूप कसे चालते ते कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्याचे स्वरूप कळल्याखेरीज त्यावरचा कायदा मागता येणार नाही. यंत्रातील चिपमध्ये कारखान्यातच एका किल्लीची खूण कायमची कोरून ठेवलेली असते. यंत्र सुरू झाले की चिपमधील पहिली आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीवरची सही तपासते, दुसरी लिनक्सच्या गाभ्यावरची सही तपासते आणि गाभा त्यापुढचे सर्व तपासतो. सही कंपनीची नसेल तर यंत्र पुढे सरकत नाही. सही करण्याची गुप्त किल्ली कंपनीच्या तिजोरीत असते. ती विकत मिळत नाही, मागून मिळत नाही आणि ग्राहकाला त्या जागी आपली स्वतःची किल्लीही बसविता येत नाही. हौशी तंत्रज्ञांनी काही जुन्या यंत्रांत चिपमधील दोष शोधून वाटा काढल्या होत्या. पुढच्या उत्पादनांत त्या बुजविण्यात आल्या. याचा अर्थ असा, की परवान्याप्रमाणे लिनक्सची मूळ संहिता ग्राहकाला मिळते, ती तो वाचू शकतो, सुधारू शकतो, तिची स्तुतिस्तोत्रेही गाऊ शकतो. पण सुधारलेली प्रत त्याच्याच मालकीच्या यंत्रात घालू शकत नाही. कुळाच्या हाती सातबाराचा उतारा द्यावा आणि शेताच्या बांधावर पहारा बसवावा, तशातलाच हा प्रकार.

हा डाव नवा नाही. १९९९ साली कॅलिफोर्नियातील टीवो नावाच्या कंपनीने दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करून ठेवणारा एक डबा बाजारात आणला. त्याच्या पोटात लिनक्स होते. कंपनीने परवान्याचा शब्द पाळला, मूळ संहिता प्रसिद्ध केली. पण बदललेली संहिता त्या डब्यात चालणार नाही अशी सहीची व्यवस्था करून ठेवली. स्टॉलमन यांनी या युक्तीला 'टीवोकरण' असे नाव दिले आणि परवान्याची तिसरी आवृत्ती रचताना, म्हणजे २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात, तिच्यावर थेट बंदी घातली. घरगुती वापराच्या यंत्रात ही आज्ञावली घालणाऱ्याने, बदललेली प्रत त्या यंत्रावर बसविण्यासाठी लागणारी माहितीही, किल्लीसुद्धा, ग्राहकाला दिली पाहिजे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

टॉरवल्ड्स यांनी ही अट नाकारली आणि लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला. त्यांचे म्हणणे असे, की आपण संहिता दिली त्या बदल्यात सुधारलेली संहिता परत मिळाली की सौदा पुरा झाला. यंत्र कसे बनवावे हे यंत्र बनविणाऱ्याने ठरवावे. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, यात शंका नाही. परंतु तो दोन उत्पादकांमधला युक्तिवाद आहे. वापरणारा माणूस त्यात कोठेच नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याला आज्ञावली परत मिळते, यंत्र विकणाऱ्याला नफा मिळतो आणि ज्याच्या घरात यंत्र चालावयाचे त्याला मात्र बाजारात जे ठेवले असेल तेच घेण्याचे स्वातंत्र्य मिळते. कायद्यापुढे समान असलेल्या दोन पक्षांतील करार म्हणजे न्याय, या जुन्या उदारमतवादी श्रद्धेची ही नवी आवृत्ती आहे. गिरणीमालक आणि गिरणीकामगार यांच्यातील करारही कागदावर समानांचाच करार होता. संहिता मोकळी आणि यंत्र बंदिस्त असेल, तर त्या मोकळेपणाचे मोल कमी कमी होत जाते, हे गेल्या पाव शतकाने दाखविले आहे. योगायोग असा, की टीवोने आपल्या डब्यांची विक्री १ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविली, म्हणजे व्हेगाच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी. डबा गेला, युक्ती उरली, आणि ती जवळजवळ सर्वांनी उचलली.

उलट दिशेचे एक उदाहरणही नमूद करण्याजोगे आहे. २००३ च्या सुमारास लिंकसिस कंपनीच्या इंटरनेट-राउटरमध्ये लिनक्स असल्याचे लोकांनी शोधून काढले आणि परवान्याच्या आधारे मूळ संहिता मागितली. ती मिळाली; आणि त्या यंत्राला कुलूप नसल्यामुळे तिच्यातून 'ओपनडब्ल्यूआरटी' ही लोकांनीच चालविलेली प्रणाली जन्माला आली. ती आजही शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालते आणि उत्पादकांनी टाकून दिलेली जुनी यंत्रे उपयोगात ठेवते. तोच परवाना, तेच लिनक्स. फरक एवढाच की दाराला कुलूप नव्हते.

कंपन्यांचे म्हणणे मात्र नीट ऐकले पाहिजे, कारण ते सगळेच खोटे नाही. बाहेरची ॲप घातक असतात, असे त्या म्हणतात. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने 'बॅडबॉक्स २.०' या जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या, प्रमाणित नसलेल्या अँड्रॉइड डब्यांत कारखान्यातून निघतानाच किंवा वापर सुरू होताना घातक आज्ञावली शिरत होती आणि घरोघरचे इंटरनेट गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. पुढच्या महिन्यात गूगलने या टोळीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली तेव्हा बाधित यंत्रांची संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे सांगितले. हा धोका खरा आहे. सामान्य कुटुंबाला तपासणी झालेले दुकान हवे असते, हेही खरे. परंतु तपासलेले दुकान असणे ही एक गोष्ट आणि दुसरे दुकान असण्याला बंदी करणे ही निराळी गोष्ट. गूगलने २०१० च्या अखेरीस चाचणीसाठी वाटलेल्या पहिल्या क्रोमबुक संगणकात सहीची तपासणी होतीच, पण यंत्राच्या अंगावर एक लहानशी खटकीही होती; ती सरकविली की यंत्र मालकाच्या ताब्यात येई आणि तसा इशारा पडद्यावर दिसे. सुरक्षितता आणि मालकी या दोन्ही गोष्टी एका यंत्रात सुखाने नांदतात, हे बारा इंचाच्या त्या साध्या संगणकाने सिद्ध केले होते. तेव्हा खटकी न ठेवणे हा तंत्रज्ञानाचा नाइलाज नाही. तो धंद्याचा निर्णय आहे.

आणि धंदा कशाचा, हे कंपनीच्या संस्थापकांनीच सांगून ठेवले आहे. किंडल उपकरणे कंपनी लागत किमतीलाच विकते, कमाई त्यांच्या वापरातून व्हावी अशी अपेक्षा असते, असे जेफ बेझॉस यांनी २०१२ मध्ये उघडपणे सांगितले होते. वापरातून कमाई म्हणजे पडद्यावरच्या जाहिराती, दुकानातील प्रत्येक व्यवहारातला वाटा, आणि कोण काय किती वेळ पाहतो याची नोंद. अशा धंद्यात ग्राहकाने जाहिरातीविना चालणारी प्रणाली बसविली तर यंत्र तोट्यात विकल्यासारखे होते, म्हणून कुलूप. जमीनदाराने बियाणे स्वस्त द्यावे आणि पीक आपल्याच वखारीत घालण्याची अट घालावी, हा व्यवहार ग्रामीण महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही.

एकदा विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा हात राहिला म्हणजे काय होते, याचा इतिहास फार लांबचा नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून दुरून पुसून टाकल्या. त्यांतली एक '१९८४' होती. विडंबनकाराला यापेक्षा चांगले सुचले नसते. सोनीने २००६ साली प्लेस्टेशन ३ हे यंत्र लिनक्स बसविण्याच्या सोयीसह विकले आणि एप्रिल २०१० मध्ये ती सोय काढून घेतली. मार्च २०२४ मध्ये रोकूने आपल्या अटी बदलल्या. नव्या अटी मान्य केल्याखेरीज अमेरिकेतील ग्राहकांना पैसे देऊन घेतलेला संच वापरता येईना.

दोन मक्तेदारांचे भांडण जुंपले की काय होते तेही पाहण्यासारखे आहे. ॲमेझॉन आपल्या दुकानात गूगलचे क्रोमकास्ट विकेना, म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने फायर टीव्हीवरून यूट्यूब काढून घेण्याचे जाहीर केले. जुलै २०१९ पर्यंत ते परतले नाही. त्या दीड वर्षात लोकांनी ब्राउझरमधून, मागच्या दारातून आपली सोय लावली. आता असा तंटा पुन्हा झाला तर मागचे दार नाही. दुसरीकडे, ॲमेझॉनला अँड्रॉइड सोडावेसे वाटावे यालाही गूगलची दांडगाई काही अंशी कारणीभूत आहे. अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती बनविणाऱ्यांशी टीव्ही-उत्पादकांनी सोबत करू नये, अशी कलमे गूगलच्या करारांत होती. एका मक्तेदाराने बांधलेल्या भिंतीला उत्तर म्हणून दुसऱ्याने आपला किल्ला बांधला आणि ग्राहक दोन्ही तटबंद्यांच्या मध्ये सापडला. खुद्द गूगलही त्याच वाटेने निघाले आहे. अँड्रॉइडवर बाहेरून चढविल्या जाणाऱ्या ॲपच्या निर्मात्यांनीही गूगलकडे आपली ओळख नोंदवावी, असा नियम ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने जाहीर केला. टीका झाल्यावर जाणकारांसाठी एक वेगळी वाट ठेवण्याचे नोव्हेंबरमध्ये त्याने कबूल केले. स्पर्धा असली की ग्राहकाला न्याय मिळतो, ही शिकवण देणाऱ्यांनी या प्रकरणाचा अभ्यास करावा.

राजकीय चळवळीला या प्रश्नाची खरी झळ बसते ती निराळ्याच ठिकाणी. कंपनीच्या हातातील किल्ली ही सरकारच्या हातातीलही किल्ली असते. सरकारला फक्त एक पत्र लिहावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियातील निवडणुकीच्या दिवशीच ॲपल आणि गूगल या दोघांनीही नवाल्नी यांच्या सहकाऱ्यांचे मतदान-मार्गदर्शक ॲप सरकारी दडपणाखाली रशियातील आपापल्या दुकानांतून काढून टाकले. अँड्रॉइड फोनवर ते निदान बाहेरून चढविता येत होते. आयफोनवर तेही शक्य नव्हते. मागच्या दाराचे राजकीय मोल एवढे आहे. भारतात मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने अश्लीलतेच्या कारणावरून अठरा ओटीटी मंच बंद केले आणि त्यांची दहा ॲप दुकानांतून निघाली. त्यापूर्वी दोनच महिने, जानेवारी २०२४ मध्ये, 'अन्नपूरणी' हा तमिळ चित्रपट धार्मिक भावनांच्या तक्रारीनंतर नेटफ्लिक्सने उतरविला होता. त्या त्या प्रकरणाच्या गुणदोषांत जाण्याचे येथे कारण नाही. मुद्दा असा, की जेथे एकच दार असते तेथे एकच पहारेकरी पुरतो. उद्या एखाद्या कामगार संघटनेने, धरणग्रस्तांच्या संघर्ष समितीने किंवा एखाद्या निर्भीड माहितीपटकाराने आपले प्रक्षेपण-ॲप तयार केले, तर ते घरोघरच्या पडद्यावर पोचावे की नाही, हे सिॲटलमधील एक कचेरी ठरविणार. एवढेच नव्हे, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने मोठ्या थाटात सुरू केलेला 'वेव्हज्' हा मंचसुद्धा, अशा यंत्रावर यावयाचा असेल तर, त्याच दारात उभा राहील. आकाशवाणी ऐकण्यासाठी रेडिओ बनविणाऱ्या कंपनीची परवानगी कधी लागली नव्हती.

या ठिकाणी समाजवादी चळवळीला आपल्याच इतिहासातील एक प्रकरण आठवले पाहिजे. आयबीएम कंपनी भारतात संगणक भाड्याने देत असे. अन्य देशांत वापरून झालेली जुनी यंत्रे डागडुजी करून येथे आणावयाची, त्यांचे भाडे वर्षानुवर्षे घ्यावयाचे आणि देखभालीचे ज्ञान मात्र आपल्याच माणसांपाशी ठेवावयाचे, अशी ती पद्धत होती. संसदेच्या लोकलेखा समितीने या पद्धतीवर कठोर टीका केली होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परदेशी भागीदारी चाळीस टक्क्यांवर आणण्यास कंपनीने नकार दिला आणि जनता राजवटीत, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये ती येथून निघून गेली. त्या वेळी अनेक शहाण्यांनी देशातील संगणक बंद पडतील असे भाकीत केले. तसे काही झाले नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सार्वजनिक उपक्रमाने आयबीएमच्या शेकडो यंत्रांची देखभाल हाती घेतली, भारतीय अभियंत्यांनी ती यंत्रे उघडली, समजून घेतली आणि चालू ठेवली. पुढे त्याच पिढीतील माणसांनी या देशाचा संगणक-व्यवसाय उभारला. ती यंत्रे उघडता आली म्हणून हे घडले. त्यांच्यावर आजच्यासारखी सहीची कुलपे असती, तर कंपनी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती भंगारात गेली असती. सीएमसीचे पुढे २००१ मध्ये खासगीकरण झाले, ही त्या कथेची दुःखद बाजू.

डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा पुरस्कार केला तो माणूस यंत्राचा स्वामी राहावा म्हणून. बोटभर काडीपेक्षा छोटे यंत्र कोणते असणार? पण यंत्र छोटे झाल्याने स्वामित्व आपोआप येत नाही, हा धडा त्यांच्या अनुयायांना नव्याने गिरवावा लागणार आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता भारताची स्थिती वाटते तितकी वाईट नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ हे कलम तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरविते. परंतु ते प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तोडले असेल तरच. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून पुष्कळ कडक आहे. तेथे २०१५ मध्ये स्मार्ट टीव्हीसाठी आणि २०२१ मध्ये अशा प्रक्षेपण-यंत्रांसाठी सूट मागून घ्यावी लागली. सूट मिळाली खरी. पण कुलूप उघडण्यास कायद्याची हरकत नाही एवढाच तिचा अर्थ, किल्ली देण्याची सक्ती कंपनीवर नाही. कैद्याला तुरुंग सोडण्याची मुभा द्यावी आणि दार मात्र बंदच ठेवावे, असे हे झाले. युरोपात मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांना फोनवर इतर दुकानांना जागा द्यावी लागते, परंतु दूरचित्रवाणीच्या प्रणाली त्या यादीत घातलेल्या नव्हत्या. भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गूगलशी तडजोड मान्य केली. २० कोटी २४ लाख रुपये भरून आणि काही अटी सैल करून गूगल सुटले. टीव्ही-उत्पादकांना त्यातून थोडा श्वास मिळाला. संच विकत घेणाऱ्याला काय मिळाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

हा प्रश्न मध्यमवर्गीयांच्या चैनीचा आहे, अशी शंका चळवळीतील काही ज्येष्ठ मंडळी बोलून दाखवितात. ती शंका समजण्यासारखी आहे. ज्या तालुक्यात पिण्याच्या पाण्यासाठी मोर्चा काढावा लागतो तेथे टीव्हीच्या काडीची चर्चा कोणी करावी? परंतु तेच कुलूप ट्रॅक्टरवरही आहे. दुरुस्तीची साधने आपल्याच विक्रेत्यांपाशी अडवून ठेवल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिअर कंपनीवर दावा गुदरला आहे. ग्रामीण भागातील तरुण ज्या स्वस्त फोनवर नोकरीचा अर्ज भरतो, त्यावरही तेच कुलूप आहे. कंपनीने सुधारणा पाठविणे थांबविले की धडधाकट यंत्र असुरक्षित होते, आणि गरीब माणसाला नवे घ्यावे लागते. मराठीच्या जुन्या खासगी फाँटांत जुळविलेले चळवळीचे अंक आज उघडून वाचताना जी त्रेधा उडते, तिचा अनुभव पक्षाच्या अनेक कार्यालयांनी घेतला आहे. परक्याच्या किल्लीने बंद केलेली गोष्ट कालांतराने आपली राहत नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागू नये.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली. चौकट योग्य आहे. तिला दात नाहीत. संसदेतील समाजवादी सदस्यांनी येथून सुरुवात करावी. दुरुस्तीच्या हक्कात सुट्या भागांबरोबर किल्लीचाही समावेश झाला पाहिजे. मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर यंत्र उघडून त्यावर स्वतःची किल्ली बसविण्याची सोय प्रत्येक उत्पादकाने ठेवावी. तसे केल्यावर हमी संपुष्टात आणण्याची मुभा कंपनीला खुशाल द्यावी. ज्या दिवशी कंपनी एखाद्या यंत्राला सुधारणा पाठविणे बंद करील, त्या दिवशी त्याचे कुलूप उघडण्याची सक्ती तिच्यावर असावी. शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कचेऱ्यांसाठी जनतेच्या पैशाने खरेदी होणाऱ्या यंत्रांना ही अट आधी लावावी; केरळच्या शाळांनी मुक्त आज्ञावलीचा मार्ग धरल्याला आता बरीच वर्षे झाली आणि तेथील मुलांचे काही अडलेले नाही.

हा कायदा होईतो निदान एक गोष्ट विलंबाशिवाय करता येईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. औषधाच्या वेष्टनावर मुदतीची तारीख असते, खाद्यतेलाच्या डब्यावर घटक असतात. त्याचप्रमाणे या यंत्रांच्या खोक्यावर, ठळक अक्षरांत आणि मराठीसह सर्व भारतीय भाषांत, तीन ओळी छापण्याची सक्ती व्हावी: यावर बाहेरचे ॲप चढविता येते किंवा नाही, सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, आणि त्यानंतर किल्ली कोणाकडे राहील.